‘अधोनियमन’ म्हणावं की ‘ग्राही घटतात’ म्हणावं?

विचारणा अशी आहे: एका आरोग्यविषयक भाषांतरात ‘जीएनआरएचच्या अखंड पुरवठ्यामुळे पीयूषिकेतील ग्राहकांचे अधोनियमन होते’ असं वाक्य आलंय. (जीएनआरएच हे मेंदूतून सुटणारं हार्मोन; पीयूषिका म्हणजे मेंदूच्या तळाची पिट्युइटरी ग्रंथी.) डाउनरेग्युलेशनला, म्हणजे रिसेप्टरांची संख्या कमी होण्याला, ‘अधोनियमन’ चालेल का, आणि हार्मोनचा निरोप घेणाऱ्या पेशीवरच्या रेणूला, म्हणजे रिसेप्टरला, ‘ग्राहक’ म्हणावं की ‘ग्राही’?

ग्राहक आणि ग्राही हे दोन्ही ‘ग्रह्’ धातूपासूनचे, दोन्हींचा अर्थ घेणारा. ‘गुणग्राहक’ आणि ‘गुणग्राही’ दोन्ही आपण म्हणतो. पण सुटा ‘ग्राहक’ बाजारात गेला तो गेलाच. माझ्या मामांना प्रोस्टेटचा कॅन्सर झाला तेव्हा ल्युप्रोलाइड या औषधाचं तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन सुरू झालं. त्याचं माहितीपत्रक मी त्यांना वाचून दाखवत होतो. ‘ग्राहकांची संख्या कमी होते’ हे ऐकून मामांनी विचारलं, “कुणाचं गिऱ्हाईक कमी होतंय?” मी तिथेच पेन्सिलीने ‘ग्राही’ केलं. तेव्हापासून मी दुसरा शब्द वापरलेला नाही.

मामांचा पुढचा प्रश्न मात्र खरा अवघड होता. “अरे, हे औषध त्या जीएनआरएच हार्मोनसारखंच आहे म्हणतोस. मग त्यानं हार्मोन वाढेल की बंद पडेल?”

उत्तर असं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून जीएनआरएच थांबून थांबून, ठोक्याठोक्याने सुटतं. पीयूषिकेच्या पेशींवरचे ग्राही ते घेतात आणि पेशी एलएच व एफएसएच ही दोन हार्मोन्स सोडतात. एलएच वृषणातल्या लायडिग पेशींपर्यंत पोचलं की टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन तयार होतं, आणि प्रोस्टेटचा कॅन्सर त्यावरच पोसतो. आता हाच निरोप अखंड येत राहिला तर? १९७८ मध्ये अर्न्स्ट नोबिल यांच्या गटाने ऱ्हीसस माकडिणींवर हे दाखवलं. त्या माकडिणींचं स्वतःचं जीएनआरएच बंद पाडलेलं होतं. बाहेरून तासाला एकदा सहा मिनिटं दिलं तर एलएच, एफएसएच नीट सुटत. तेच सलग दिलं की दोन्ही कोसळत. पुन्हा तासातासाने द्यायला लागलं की पूर्ववत. ल्युप्रोलाइड हा असाच न थांबणारा निरोप आहे. म्हणून पहिला आठवडाभर टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं, मग ग्राही घटतात, पेशी दाद देईनाशी होते, आणि तीन-चार आठवड्यांत टेस्टोस्टेरॉन जवळजवळ संपतं.

या सगळ्यातलं ‘अधोनियमन’मधून काय कळतं? ‘अधो’ मराठीत जागा किंवा दिशा सांगतो: अधोमुख, अधोगती. अधोरेखित म्हणजे खाली रेघ ओढलेलं. रेघ कमी झाली असं त्यातून कुणी समजत नाही. संख्या उतरली हे सांगायला आपल्याकडे ‘घटणे’ हे रोजचं क्रियापद आहे. तेव्हा माझं मत स्पष्ट आहे: ‘ग्राही घटतात’ लिहा, नामच हवं असेल तिथे ‘ग्राहींची घट’. (‘ग्राहीघट’ असा समास करू नका, घट म्हणजे मडकं डोळ्यांपुढे येतं.) उलट बाजूला ‘ग्राही वाढतात’. सोनेरी हॅमस्टरच्या वृषणांचं उदाहरण बघा. हिवाळ्यासारख्या लहान दिवसांत त्याचं प्रोलॅक्टिन हे हार्मोन उतरतं आणि वृषणातले एलएचचे ग्राही घटतात. प्रोलॅक्टिन दिलं की ते वाढतात. एका हार्मोनने दुसऱ्याच्या ग्राहींचं नियमन केलं ते असं. ‘नियमन’ हा शब्द इथे, या एकंदर कारभारासाठी, अगदी चपखल आहे.

वर ‘दाद देईनाशी होते’ हे मी वेगळं लिहिलं ते मुद्दाम. ग्राही जागेवर असतात, पण निरोप पेशीच्या आत पुढे सरकत नाही, असंही होतं. इंग्रजीत त्याला डीसेन्सिटायझेशन म्हणतात, आणि भाषांतरांत ते व डाउनरेग्युलेशन सर्रास एकाच शब्दात कोंबलं जातं. ‘दाद न देणे’ ही आपली जुनी, नेमकी लकब आहे. पेशीलाही ती शोभते.

आणखी एक, विचारलेलं नसलं तरी. या उपचाराला काही ठिकाणी ‘रासायनिक खच्चीकरण’ लिहितात. इतिहास म्हणून ते चूक नाही. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये वृषण काढून प्रोस्टेटचा कॅन्सर आटोक्यात येतो हे दाखवलं, आणि १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मामांनी जन्मभर बैल राखले, त्यांना खच्ची करणं म्हणजे काय हे मला सांगावं लागलं नसतं. पण आज मराठीत ‘खच्ची करणे’ म्हणजे माणसाचं मन मोडणे. पेशंटच्या हातात पडणाऱ्या कागदावर तो शब्द येऊ देऊ नका. ‘वृषणातलं टेस्टोस्टेरॉन औषधाने थांबवणं’ एवढं लिहिलं तरी पुरतं. मामांच्या पत्रकावर मी तेच लिहून दिलं.