‘एक मूल होऊ द्या, सगळं नीट होईल’

प्रश्न : डॉक्टर, माझं वय 33. मूल नाही, व्हावं की नको हेही अजून ठरलेलं नाही. डावीकडे ओटीपोटात अधूनमधून दुखतं म्हणून सोनोग्राफी केली. डाव्या ओव्हरीत 4.2 सेंटिमीटरची साधी सिस्ट निघाली. गर्भपिशवीच्या तोंडाला ‘इरोजन’ आहे, जाळून घ्या, असंही सांगितलं. संबंधानंतर कधीकधी रक्ताचा डाग दिसतो. पॅप (गर्भपिशवीच्या तोंडाच्या पेशींची तपासणी) कधी केलेली नाही. वर सल्ला मिळाला : ‘एक मूल होऊ द्या, सगळं नीट होईल.’ ऑपरेशन लागेल का?

उत्तर : या सल्ल्यापासूनच सुरुवात करते. शिकत असताना मी तो मोठ्या डॉक्टरांकडून ऐकला आणि सुरुवातीची काही वर्षं पेशंटना स्वतःही ऐकवला, हे कबूल करायला आज लाज वाटते. गरोदरपणात पाळी थांबते, त्यामुळे काही तक्रारी तेवढ्यापुरत्या दबतात, एवढंच. गंमत म्हणजे तुमचं ते ‘इरोजन’ गरोदरपणात उलट जास्त ठळक दिसतं.

आता सिस्ट. रिपोर्टमध्ये आकड्याआधी शब्द वाचा. ‘ॲनेकोइक’, ‘थिन वॉल’, ‘नो सेप्टा’ असं लिहिलं असेल तर ती पातळ सालीची, पाण्याने भरलेली पिशवी. दर महिन्याला बीजाची पुटिका साधारण 2 सेंटिमीटरपर्यंत वाढून फुटते. एखाद्या महिन्यात ती फुटत नाही आणि फुगत जाते. पाळी चालू असलेल्या वयात 5 सेंटिमीटरच्या आतल्या अशा बहुतेक सिस्ट दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरतात. तुमची दुखते आहे, म्हणून मी दोन-तीन महिन्यांनी पाळी संपल्या संपल्या पुन्हा सोनोग्राफी करून घेईन. गर्भनिरोधक गोळ्यांनी ही सिस्ट लवकर जिरत नाही. त्यांनी नवीन व्हायच्या कमी होतात.

रिपोर्टमध्ये ‘ग्राउंड ग्लास’ किंवा ‘एंडोमेट्रिओमा’ असेल तर गोष्ट वेगळी. ती चॉकलेट सिस्ट, जुन्या रक्ताने भरलेली. ती सोलून काढताना ओव्हरीचा चांगला भागही थोडा जातो आणि शिल्लक बीजं कमी होतात. म्हणून ऑपरेशन ठरण्याआधी ‘मला पुढे मूल हवं असेल कदाचित’ हे तोंडाने सांगा आणि एएमएच (शिल्लक बीजांचा अंदाज देणारी रक्ततपासणी) तपासून घ्या. सीए-125 या रक्ततपासणीचा आकडा वाढला म्हणून मात्र लगेच कॅन्सर समजू नका. एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भपिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढतं तो आजार, चॉकलेट सिस्ट त्यातूनच होते), अगदी पाळीच्या दिवसांतही तो वाढतो.

एका गोष्टीत थांबायचं नाही. अचानक एका बाजूला जीवघेणी कळ आणि सोबत उलट्या, म्हणजे ओव्हरीला पीळ पडलेला असू शकतो. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा.

‘इरोजन’ हा शब्द मला मुळीच आवडत नाही. ऐकणारीला वाटतं, आत काहीतरी कुजतंय. पिशवीच्या तोंडाच्या आतलं नाजूक अस्तर थोडं बाहेर आलेलं असतं, लालसर, मखमलीसारखं. जखम नसतेच ती. धक्का लागला की त्यातून रक्त येतं. तुमचा डाग यामुळेही असेल, पण ते गृहीत धरायचं नाही. आधी पॅप किंवा एचपीव्ही (पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू) तपासणी आणि जंतुसंसर्गाची तपासणी. त्याआधी जाळणं म्हणजे पुरावाच जाळणं. सगळं नॉर्मल आलं आणि डागाचा फार त्रास नसेल, तर ते अस्तर आहे तसं राहू द्या.

पॅपमध्ये दोष दिसला आणि पुढे तुकडा काढून तपासल्यावर (बायोप्सी) सीआयएन 1, म्हणजे पेशींतले सौम्य बदल, असं आलं तरी घाबरू नका, बहुतेक वेळा ते आपोआप जातं, नजर ठेवायची. सीआयएन 2 किंवा 3, म्हणजे जास्त गंभीर बदल, असेल आणि ‘लीप’ (विजेच्या तारेने तो भाग कापून काढणं) सुचवलं, तर ‘किती मिलिमीटर खोल?’ हे विचाराच. 10 मिलिमीटरपेक्षा खोल कापलं तर पुढे बाळ वेळेआधी जन्मण्याचा धोका वाढतो.

‘मूल नाही, मग पॅप कशाला?’ असं अनेकजणी विचारतात. एचपीव्हीला शरीरसंबंध पुरतो, बाळंतपण लागत नाही. फरक पडतो तो तपासणीत. बाळंतपण न झालेल्या बाईच्या पिशवीचं तोंड टिंबासारखं गोल असतं. नॉर्मल डिलिव्हरीनंतर त्याची आडवी फट होते. योनीमार्गही तुलनेने घट्ट असतो, मोठं स्पेक्युलम (आतलं दिसावं म्हणून योनीमार्गात घालायचं उपकरण) दुखतं. ‘लहान साइझचं वापरा’ म्हणायला संकोचू नका. पॅप पाळीच्या दिवसांत नको. आणि आत्ताचा सोनोग्राफी रिपोर्ट जपून ठेवा, पुढचा आला की दोन्ही शेजारी ठेवून वाचायचे आहेत.