स्विच केल्यावर वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजतात

प्रश्न : म्युच्युअल फंडात तीन वर्षं एसआयपी (दरमहा ठरावीक हप्ता) भरली. गेल्या दिवाळीत एजंटने सगळी रक्कम त्याच कंपनीच्या दुसऱ्या इक्विटी योजनेत वळवली. जूनमध्ये मुलीच्या प्रवेशासाठी सगळे युनिट विकले. २,४०,००० रुपयांतून सुमारे २,४०२ रुपये कापले. एजंट म्हणतो, हा सरकारी कर आहे. हे पैसे परत मिळतील का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : ताई, एजंटचं म्हणणं खरं नाही. यातला तुमच्यावरचा सरकारी कर फक्त २ रुपये ४० पैसे, तो एसटीटी, म्हणजे युनिट विकताना लागणारा व्यवहार कर. बाकीचे २,४०० म्हणजे एक टक्का एक्झिट लोड, ठरलेल्या मुदतीआधी पैसे काढल्याबद्दलची कपात. हा लोड, त्यावरचा जीएसटी वजा करून, ऑक्टोबर २०१२पासून त्याच योजनेत जमा होतो. एजंटकडे जात नाही.

तीन वर्षं झाल्यावरही लोड का लागला? कारण स्विच म्हणजे कायद्याने जुन्या योजनेतून विक्री आणि नव्यात ताजी खरेदी. बऱ्याच इक्विटी योजनांत वर्षाच्या आत विकलं तर एक टक्का कापतात, आणि तुमचं वर्ष दिवाळीपासून मोजलं गेलं. नव्या योजनेच्या माहितीपत्रकात हीच अट असेल, तर कंपनीची कपात बरोबर आहे. (एसआयपी चालू असती, तर प्रत्येक हप्त्याचं वर्ष वेगळं मोजलं असतं.)

माझ्या मते खरा प्रश्न स्विचचा आहे. तो तुम्हाला विचारून केला होता का? कंपनीला ईमेल करून स्विचच्या अर्जाची प्रत मागा. ऑनलाइन केला असेल तर ओटीपी कोणत्या मोबाइलवर गेला, तेही विचारा. सही तुमची असेल आणि अट छापलेली असेल, तर २,४०० परत मिळणं कठीण. सही तुमची नसेल किंवा ओटीपी दुसऱ्याच नंबरवर गेला असेल, तर कंपनीकडे लेखी तक्रार करा. दाद लागली नाही तर सेबीच्या (शेअर बाजार आणि म्युच्युअल फंडांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) 'स्कोअर्स' या तक्रार पोर्टलवर जा. तिथे कंपनीला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. कोऱ्या फॉर्मवर सही करून ठेवली असेल, तर तेही तक्रारीत लिहा, लपवू नका.

आणखी एक. दिवाळीचा स्विच आणि जूनची विक्री, दोन्हींचा नफा आपापल्या आर्थिक वर्षाच्या विवरणपत्रात दाखवावा लागतो. दिवाळीनंतरच्या युनिटवरचा नफा अल्पमुदतीचा, म्हणजे २० टक्के कराचा. कंपनी निवासी गुंतवणूकदाराचा हा कर कापून घेत नाही, म्हणून तो राहून जातो.

स्कोअर्सवरची तक्रार एका वर्षाच्या आत करावी लागते. स्विचच्या तारखेपासून मोजा आणि अर्जाची प्रत याच आठवड्यात मागा.