परफ्युमवर ‘कॉस्मेटिक्स’ लिहून पाठवलं तर चालेल का?

प्रश्न: सर, भिवंडीत आमचा परफ्युम भरायचा छोटा धंदा आहे, अल्कोहोल बेस, ५० मिलीच्या बाटल्या. न्हावा शेवावरून दुबईला पहिलाच माल जायचाय. ओळखीचा फॉरवर्डर (माल पाठवून देणारा एजंट) म्हणतो नुसतं ‘कॉस्मेटिक्स’ लिहा, डीजी म्हणजे धोकादायक मालाचा सरचार्ज वाचेल, सगळे तेच करतात. चालेल का?

उत्तर: नाही चालणार, आणि कळकळीने सांगतो, त्याचं अजिबात ऐकू नका. तुमचा माल धोकादायक मालाच्या यादीत यूएन १२६६, क्लास ३, म्हणजे ज्वलनशील द्रव. समुद्रमार्गे फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते) ६० डिग्रीपर्यंत असला की या क्लासमध्ये येतो, २३ च्या खाली असेल तर बहुतेक पॅकिंग ग्रुप २, म्हणजे मध्यम धोका. हे सगळं एमएसडीएसच्या (मालाच्या सुरक्षा माहितीपत्रकाच्या) १४ नंबरच्या सेक्शनमध्ये असतं, ते आधी उघडून बघा.

आता सरचार्ज का घेतात ते समजून घ्या, कुठला कंटेनर जहाजावर कुठे ठेवायचा हे तुम्ही भरलेल्या कागदावरूनच ठरतं. तुम्ही खोटं लिहिलंत तर तुमचं अल्कोहोल स्विमिंग पूलच्या क्लोरीन पावडरशेजारी बसू शकतं, ती क्लास ५.१, आग भडकवणारी, आणि आग लागली तर आत काय आहे हेच खलाशांना माहीत नसणार. चुकीच्या वस्तू जवळजवळ ठेवल्याची किंमत मुंबईने मोजलीय. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजावर स्फोटकं होती आणि त्यासोबत कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी, कापूस पेटला आणि दोन स्फोटांत गोदी उद्ध्वस्त झाली, शेकडो माणसं आणि आग विझवायला गेलेले फायरब्रिगेडचे जवानही गेले.

बरं, तुमच्यासाठी सरळ रस्ता आहे ना, लिमिटेड क्वांटिटी, म्हणजे छोट्या बाटल्यांतल्या धोकादायक मालाला मिळणारी सवलत! या मालाला आतल्या बाटलीची मर्यादा ५ लिटर आहे, तुमची तर ५० मिलीची, कार्टन ३० किलोच्या आत ठेवा, मग यूएन मार्कवालं (चाचणी करून पास झालेलं) महागडं पॅकिंग लागत नाही, वर-खाली काळा आणि मधे पांढरा असा टोकावर उभा चौकोनी मार्क मात्र लावायचा, कंटेनरलाही. डीजी डिक्लेरेशन तरीही द्यावंच लागतं, त्यात सूट नाही. बुकिंगच्या आधी शिपिंग लाइनला एमएसडीएस पाठवा, काही लाइन्सचे स्वतःचे जास्त कडक नियम असतात. आणि तो फॉरवर्डर बदला, कारण डिक्लेरेशनवर सही त्याची नाही, तुमची असणार आहे.