सोनी डब्ल्यू८३० की कॅनन इक्सस १८५? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

खिशात मावेल असा स्वस्तातला कॅमेरा म्हटले की गावाकडच्या पत्रांत दोनच नावे पुन्हा पुन्हा येतात: सोनीचा सायबर-शॉट डब्ल्यू८३० (२०१४) आणि कॅननचा इक्सस १८५ (२०१७). आता हे दोन्ही बहुतेक वापरलेलेच मिळतात, नाहीतर एखाद्या दुकानात पडून राहिलेला नग हाती लागतो. दोन्हींत २० मेगापिक्सेलचा सीसीडी (जुन्या पद्धतीचा) सेन्सर, आठपट ऑप्टिकल झूम आणि ७२०पी व्हिडिओ. वाय-फाय कोणातच नाही, जीपीएसही नाही. खोके वाचून निवड होणार नाही, कारण खरा फरक इतरत्र आहे. हात हलला तर कोण सावरतो, किती जवळून फोकस बसतो आणि बॅटरी कशी चार्ज होते, हे तीन मुद्दे पाहावे लागतात. कोणता घ्यायचा हे तुमच्या कामावर ठरते, म्हणून उत्तरेही कामाप्रमाणे वेगवेगळी आहेत.

प्रश्न : पऱ्हाटीवरची गुलाबी बोंडअळी, डोमकळ्या (अळीमुळे न उमलता मिटून राहिलेली फुले) आणि सोयाबीनच्या पानांवरचा पिवळा मोझॅक यांचे फोटो काढून कृषी विज्ञान केंद्रात दाखवायचे आहेत. कोणता घ्यावा? (कळंब, जि. यवतमाळ)

या कामाला कॅनन. इक्सस १८५ मॅक्रोमध्ये, म्हणजे अगदी जवळून फोटो घेण्याच्या सोयीत, लेन्सपासून १ सेंमीपर्यंत फोकस करतो, डब्ल्यू८३० ला साधारण ५ सेंमी अंतर लागते. बोंडअळी पूर्ण वाढली तरी जेमतेम सव्वा सेंटिमीटरची असते, त्यामुळे हे चार सेंटिमीटर इथे फार मोलाचे ठरतात.

दोन्ही कॅमेऱ्यांत हे जवळचे अंतर झूम अजिबात न केल्यावरच मिळते, आणि बहुतेकांचे चुकते ते इथेच. अळी लहान दिसते म्हणून झूम ओढला की फोकसचे किमान अंतर एकदम वाढते, पडद्यावरची चौकट हिरवी होत नाही आणि फोटो धूसर येतो. झूम पूर्ण मागे घ्या, कॅननमध्ये फुलाचे चिन्ह निवडा आणि कॅमेराच पुढे न्या. मात्र अगदी १ सेंमीवर गेलात तर कॅमेऱ्याची सावली अळीवर पडते. ३-४ सेंमीवर थांबून नंतर फोटो कापून घेणे बरे. २० मेगापिक्सेलमध्ये कापायला भरपूर वाव असतो.

वावरातल्या वाऱ्याने फांदी हलते आणि मॅक्रोमध्ये थोडीशी हालचालही मोठी दिसते. शक्य असेल तेव्हा हिरवे बोंड तोडून धुऱ्यावर सावलीत पांढऱ्या कागदावर ठेवा. चाकूने पाकळीच्या शिवणीवर चीर देऊन ते उघडा, शेजारी फूटपट्टी ठेवा आणि शटरचे बटण अर्धे दाबून फोकस लागल्यावरच पूर्ण दाबा. फ्लॅश बंद ठेवा. इतक्या जवळून तो अळी पांढरीफटक करतो आणि तिच्या अंगावरचे गुलाबी पट्टे, म्हणजे ओळखीची खूणच, नाहीसे होतात. लहान अवस्थेतली अळी मुळातच पांढुरकी असते, ती रंगावरून ओळखू येत नाही. त्यामुळे तिचा फोटो बोंडाच्या आतल्या नुकसानीसकट घ्या.

एकच जवळचा फोटो पाठवला तर तज्ज्ञाला काही ठरवता येत नाही. वावराचा एक, पूर्ण झाडाचा एक, डोमकळीचा किंवा बोंडावरच्या बारीक गोल छिद्राचा एक आणि उघडलेल्या बोंडाचा एक, असे चार तरी द्या. प्रादुर्भाव किती आहे ते सांगायचे असेल तर एकरी २० हिरवी बोंडे वेगवेगळ्या झाडांवरून घ्या, सगळी उघडून एका ओळीत मांडा आणि वरून एकच फोटो घ्या. किती बोंडे किडली ते एका नजरेत मोजता येते. मोझॅकसाठी पानाची वरची बाजू सावलीत टिपा आणि खालची वेगळी घ्या, कारण तो रोग पसरवणारी पांढरी माशी पानाखाली असते.

प्रश्न : पीकविमा आणि पंचनाम्यासाठी यातला कोणता कॅमेरा चालेल? (दर्यापूर, जि. अमरावती)

कोणताच घेऊ नका. नुकसानीच्या फोटोसोबत जागेचे अक्षांश-रेखांश लागतात आणि या दोघांत जीपीएस नाही. तारीखही तुम्ही हाताने लावाल तीच पडते, म्हणून तिला पुरावा म्हणून वजन नाही. या कामाला मोबाइलच वापरा, लोकेशन चालू ठेवून.

प्रश्न : झाडीपट्टीतल्या नाटकांचे फोटो काढायचे आहेत. रात्रीच्या प्रयोगात माझ्या जुन्या कॅमेऱ्याचे सगळे फोटो हललेले येतात. या दोनपैकी कोण चांगला? (वडसा, जि. गडचिरोली)

इथे सोनी, आणि त्याला एकच कारण आहे. डब्ल्यू८३० मध्ये ऑप्टिकल स्टेबिलायझेशन आहे, म्हणजे हात हलला की लेन्समधला एक भाग उलट दिशेने सरकून चित्र जागेवर ठेवतो. इक्सस १८५ मध्ये फक्त डिजिटल सोय आहे आणि कमी उजेडातल्या फोटोला तिचा फारसा उपयोग नाही. कॅननच्याच इक्सस १९० मध्ये ऑप्टिकल सोय आहे. दोघांचे रूप सारखे असल्याने दुकानात गफलत होते, म्हणून अंगावरचा आकडा वाचून घ्या.

पण स्टेबिलायझेशन सावरते ते तुमचा हात. नाचणारा नट त्याने थांबत नाही. म्हणून संवाद म्हणताना पात्र क्षणभर थबकते, तो क्षण पकडा.

याहून मोठी गोष्ट म्हणजे झूम. सोनीचे भिंग झूम न करता एफ ३.३ असते, पूर्ण झूमवर एफ ६.३ (हा आकडा जितका मोठा तितका उजेड कमी). म्हणजे आत येणारा उजेड साडेतीन पटींहून जास्त घटतो. कॅननमध्ये एफ ३.२ चे एफ ६.९ होते आणि उजेड साडेचार पटींनी घटतो. शेवटच्या रांगेतून पूर्ण झूम ओढून काढलेला फोटो म्हणूनच हलतो. पुढच्या दोन-तीन रांगांत जागा धरा आणि झूम शक्यतो आठपटाऐवजी दुपटीवरच ठेवा.

फ्लॅश बंद. तो तीन-चार मीटरपलीकडे पोहोचत नाही, मंच राहतो काळा आणि पुढच्या माणसांची डोकी उजळतात. प्रोग्राम मोडवर जाऊन आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची क्षमता) ८०० ठेवा. त्यापुढे या लहान सेन्सरवर चेहऱ्यांत रंगीत रवाळपणा येतो. मागे काळा पडदा आणि चेहऱ्यावर झगझगीत दिवा असेल तर कॅमेरा फसतो आणि चेहरे पांढरे पडतात. तेव्हा ईव्ही (फोटोचा उजळपणा कमी-जास्त करणारा आकडा) उणे ०.७ वर आणा. दिवा थेट चौकटीत आला तर पडद्यावर आणि व्हिडिओत उभी जांभळी रेघ दिसेल. तो बिघाड नाही, सीसीडी सेन्सरचा स्वभाव आहे. कॅमेरा थोडा वळवला की ती जाते.

प्रयोग रात्रभर चालतो आणि एका चार्जवर दोन्ही कॅमेरे साधारण २१० फोटोंपर्यंतच जातात, व्हिडिओ घेतला तर त्याहून पुष्कळ कमी. दुसरी बॅटरी खिशात असू द्या. सलग चित्रीकरण अर्ध्या तासाच्या आत आपोआप थांबते, म्हणून पूर्ण नाटक टिपण्याच्या भरवशावर यांना घेऊ नका. अशा उजेडात आजचा चांगला मोबाइल या दोघांपेक्षा सरस ठरतो, कारण तो अनेक फोटो जोडून एक करतो. तसा मोबाइल जवळ असेल तर यासाठी पैसे घालवू नका.

प्रश्न : आमच्याकडे वीज वेळेवर नसते. चार्जिंगला कोण सोयीचा? (धारणी, जि. अमरावती)

सोनीची एनपी-बीएन बॅटरी कॅमेऱ्यातच, जुन्या मोबाइलच्या मायक्रो यूएसबी पिनेने चार्ज होते. म्हणून पॉवर बँक किंवा गाडीतला मोबाइल चार्जर चालतो. पूर्ण चार्ज व्हायला साधारण दोन तास लागतात. काही पॉवर बँका शेवटी करंट कमी झाला की स्वतःच बंद पडतात, तेव्हा दिवा विझला की नाही ते पाहा. कॅननची एनबी-११एल बॅटरी बाहेर काढून भिंतीवरच्या चार्जरला लावावी लागते, वीज नसेल तर काम अडते. उलट एक बॅटरी चार्ज होत असताना दुसरीवर कॅमेरा चालू राहतो, ही त्याची जमेची बाजू. तुमच्याकडच्या परिस्थितीत सोनी.

प्रश्न : हिंगणघाटात दोन्ही वापरलेले कॅमेरे दाखवले. वरून छान दिसतात. काय तपासू? (जि. वर्धा)

चार्ज केलेली बॅटरी, आपले एक एसडी कार्ड, एक वर्तमानपत्र आणि अर्धा तास घेऊन जा. आधी कॅमेरा दहा वेळा चालू-बंद करा. भिंग सरळ, एकाच वेगाने बाहेर यायला हवे. करकर आवाज आला, भिंग मध्येच अडखळले, कॅननवर ‘लेन्स एरर’ किंवा सोनीवर ‘ई:६१’ असे काही दिसले तर तिथेच नमस्कार करा. कॅमेरा पडला की नळीतले प्लॅस्टिकचे दाते सरकतात किंवा आत वाळूचा कण अडकतो. याची दुरुस्ती कॅमेऱ्याच्या किमतीच्या आसपास जाते.

मग वर्तमानपत्र भिंतीवर सपाट लावा, समोर सरळ उभे राहून झूमशिवाय एक आणि पूर्ण झूमवर एक फोटो घ्या. मोठे करून चारही कोपऱ्यांतली अक्षरे वाचा. कोपरे मध्यापेक्षा थोडे मऊ असणे चालते. पण एकच बाजू पुसट आणि दुसरी स्वच्छ असेल तर भिंग आतून तिरके झाले आहे.

पूर्ण झूमवर मोकळ्या आभाळाचा फोटो घ्या. त्यात राखाडी गोल डाग दिसले तर धूळ सेन्सरवर गेली आहे. या कॅमेऱ्यांचे भिंग निघत नाही, म्हणून ती घरी साफ होत नाही. कापसाच्या जिनिंगजवळ वापरलेल्या नगांत ही तक्रार हमखास असते. हाताने भिंग झाकून, फ्लॅश बंद करून एक फोटो काढा. दोन-चार ठिपके चालतात, जांभळ्या पट्ट्या किंवा फाटके चित्र आले तर सेन्सर जातोय.

टॉर्चचा उजेड भिंगावर तिरका टाका. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे म्हणजे बुरशी, तो नग नको. बॅटरी काढून टेबलावर ठेवा आणि बोटाने फिरवा. भोवऱ्यासारखी सहज फिरली तर पोट फुगले आहे. बॅटरीच्या दाराची खिट्टी घट्ट बसते का पाहा. दोन मिनिटे बॅटरी बाहेर ठेवून परत घाला. तारीख पुसली गेली असेल तर आतला राखीव सेल दमला आहे. त्याने फोटो बिघडत नाही, पण भाव कमी करायला कारण मिळते.

सोनीमध्ये चार्जिंगची पिन लावून हलकेच हलवून बघा. दिवा लुकलुकला तर सॉकेट ढिले आहे, आणि डब्ल्यू८३० मधला हाच सर्वांत महत्त्वाचा तपास, कारण चार्जिंगचा रस्ता तोच. कॅननसोबत चार्जर मिळतो का ते आधी विचारा. चार्जर नसेल तर तेवढी किंमत कमी करून मागा.

प्रश्न : ताडोब्यात मोबाइल नेऊ देत नाहीत म्हणून छोटा कॅमेरा हवा. वाघ येईल का फोटोत? (चिमूर, जि. चंद्रपूर)

येईल, पण लहान. पूर्ण झूमवर ३० मीटर अंतरावर सोनीच्या चौकटीची रुंदी साधारण ५.२ मीटर होते, कॅननची ४.६. शेपटी सोडून पावणेदोन मीटरचा वाघ त्यात एक तृतीयांश जागा घेईल, म्हणजे ५१५२ पैकी सुमारे १७०० पिक्सेल. पोस्टकार्ड आकाराच्या प्रिंटला तेवढे पुरते. मेनूतला डिजिटल झूम आधीच बंद करा, तो फक्त चित्र ताणतो. जिप्सीचे इंजिन बंद करायला सांगा, कोपर गुडघ्यावर टेका आणि एकापाठोपाठ पाच-सहा फोटो घ्या. झूम कॅननचा थोडा जास्त असला तरी पहाटेच्या उजेडात हात सावरणारा सोनीच बरा. पक्षी टिपायचे असतील तर दोन्ही अपुरे आहेत. किमान ३०० मिमीपर्यंत, म्हणजे यांच्याहून लांबवर झूम जाणारा इक्सस २८५ एचएस शोधा, त्यात ऑप्टिकल स्टेबिलायझेशनही आहे.

प्रश्न : उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात कॅमेरा कसा सांभाळू? (वरोरा, जि. चंद्रपूर)

दोन्ही ० ते ४० अंश सेल्सिअससाठी बनवलेले आहेत आणि तुमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा मोटारसायकलच्या डिकीत ठेवलात तर बॅटरी कायमची खराब होते. ओल्या फडक्यात गुंडाळू नका. सुती पिशवीत, सावलीत, अंगाजवळ ठेवा आणि गरम झालेली बॅटरी थंड झाल्यावरच चार्ज करा.

धूळ उडत असताना कॅमेरा चालू करू नका. भिंग आत-बाहेर होताना पिचकारीसारखी हवा ओढते आणि सोबत माती. साफ करताना आधी रबरी ब्लोअर, मगच मऊ कापड. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे कण बसतात. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, दोन लिटरच्या डब्याला ५० ग्रॅम पुरते. निळे दाणे गुलाबी झाले की मंद तव्यावर परतून पुन्हा निळे करा. तांदळात कॅमेरा ठेवण्याचा उपाय वाईट आहे, त्याची पीठधूळ फटींत शिरते. आणि बुरशीला उजेड मानवत नाही, तेव्हा आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून वापरा.

प्रश्न : शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो पालकांना मोबाइलवर पाठवायचे असतात. वाय-फाय नाही, मग कसे? आणि कार्ड किती मोठे घ्यावे? (लोणार, जि. बुलढाणा)

ओटीजी कार्ड रीडर घ्या, कार्ड त्यात घालून मोबाइलला लावा, फोटो उतरतात. ओटीजी घेताना आपल्या फोनची पिन टाइप-सी आहे का ते पाहा. कार्ड ३२ जीबी, क्लास १० पुरे. नवे कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा आणि कॅमेरा बंद केल्याशिवाय बाहेर काढू नका, नाहीतर फाइली तुटतात. फोटोचा आकार मेनूतून लहान करा, पण २ मेगापिक्सेलच्या खाली नेऊ नका. चार बाय सहा इंचाच्या प्रिंटला साधारण २ मेगापिक्सेल लागतात, म्हणजे तेही नीट निघेल आणि पाठवायला वेळ लागणार नाही. पूर्ण वर्गाच्या गटाचा एक फोटो मात्र २० मेगापिक्सेलवर घ्या. मोठा करून भिंतीवर लावायचा झाला तर मागच्या रांगेतल्या मुलाचाही चेहरा ओळखू येतो.