बाटलीत भरलेल्या घरच्या बिअरला फेस का येत नाही?

दहा दिवस झाले, साखर घालून बाटल्या भरल्या, तरी बिअर सपक लागते, असं तुम्ही म्हणता. आधी एकच विचारतो: बाटल्या ठेवल्यात कुठे? फ्रीजमध्ये किंवा गार फरशीवर असतील तर यीस्ट, म्हणजे साखर खाऊन फेसाचा वायू बनवणारी सूक्ष्म बुरशी, झोपलंय. २० ते २४ अंश सेल्सिअसला निदान दोन-तीन आठवडे लागतात, बिअर कडक असेल तर त्याहून जास्त. बहुतेकांची अडचण इथेच मिटते.

तेवढ्यानेही फरक पडला नाही तर सगळ्याच बाटल्या सपक आहेत की काहीच, ते बघा. काही सपक आणि काही उघडताच उसळणाऱ्या असतील तर साखर नीट मिसळली गेली नव्हती. पुढच्या वेळी ती पाण्यात उकळून, गार करून, सगळ्या बिअरमध्ये हलक्या हाताने ढवळा. लिटरला साधारण ६ ग्रॅम साखर पुरते. एखादीच बाटली सपक असेल तर झाकणाचा संशय घ्या: बाटली आडवी करून कडेला ओल येते का ते बोटाने चाचपा.

सगळ्याच सपक असतील तर बाटल्या उलट्यासुलट्या करून तळाचा गाळ हलवा आणि उबदार जागी आणखी आठवडाभर ठेवा. घाईने वरून साखर मात्र घालू नका, काचेची बाटली फुटली तर तुकडे खोलीभर उडतात. उघडण्याआधी दिवसभर फ्रीजमध्ये ठेवा. गार बिअरमध्ये वायू जास्त विरघळतो.