टेन्शन घ्यायचं नाही म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रश्न : ताई, माझं वय ४६. मुलगा शिकायला दुसऱ्या शहरात गेला त्याला आता वर्ष होईल. त्याने फोन उचलला नाही की माझ्या डोळ्यांसमोर थेट अपघातच येतो. छाती धडधडते, तळहात गार पडतात, बोटांना मुंग्या येतात. रात्री उठून तो शेवटचा ऑनलाइन कधी होता ते बघते. ईसीजी झाला, थायरॉइडची तपासणी झाली, काही निघालं नाही. घरचे म्हणतात, 'टेन्शन घेऊ नकोस.' पण घ्यायचं नाही म्हणजे नेमकं काय करायचं? मला वेड तर लागत नाहीये ना?

उत्तर : नाही, वेड लागत नाहीये. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचताना तुमचं अर्धं लक्ष तिकडेच राहील. तपासण्या करून घेतल्यात ते बरं केलंत. थायरॉइड ग्रंथी जास्त काम करायला लागली तरी अशीच धडधड होते, म्हणून एकदा बघायलाच हवं. एकदाच. 'पुन्हा करून बघू या का' असं वाटायला लागलं तर ती तपासणी हृदयासाठी नसेल.

'टेन्शन घेऊ नकोस' म्हणणाऱ्यांवर माझा जुना राग आहे. जसं काही ते फळीवर ठेवलेलं असतं आणि आपणच टाचा उंचावून खाली काढतो!

तळहात गार पडतात त्याचं कारण साधं आहे. धोका आहे असं मेंदूला वाटलं की शरीर पळायच्या तयारीला लागतं. ॲड्रेनलिन सुटतं, हृदय जोरात चालतं, रक्त पायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळतं आणि कातडी गार पडते. मुंग्या येतात त्या भराभर चाललेल्या श्वासामुळे. आपल्या लक्षातही येत नाही, पण रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि बोटांत, ओठांभोवती झिणझिण्या येतात. अशा वेळी सगळे सांगतात, 'मोठा श्वास घे.' घेऊ नका. भराभर मोठे श्वास घेतले तर मुंग्या वाढतील. श्वास साधाच घ्या, सोडताना मात्र वेळ लावा. घेताना मनात चार आकडे, सोडताना सहा. पाचेक मिनिटं.

पण तुमच्या पत्रात माझी नजर अडकली ती 'शेवटचा ऑनलाइन' या शब्दांवर. रात्री तीनला तुम्ही फोन उघडता, '१:१२' दिसतं आणि जीव भांड्यात पडतो. किती वेळ? पाच मिनिटं? मग मन विचारतं, १:१२ नंतर काही झालं असेल तर? की पुन्हा फोन. सुटका मिळते म्हणून आपण बघतो आणि बघितलं म्हणूनच सुटलो असं मेंदू शिकून ठेवतो. पुढच्या वेळी तो आणखी लवकर घंटा वाजवतो.

मी हे वरून सांगत नाही. समुपदेशनाचं काम करत असूनही मी काही वर्षं गॅसचं बटण बंद केल्यावर फोनवर त्याचा फोटो काढून बाहेर पडायचे. रस्त्यात शंका आली की फोटो बघायचा. काय हुशार उपाय! एकदा फोन भरला म्हणून नको ते पुसायला बसले, तर एकाच बटणाचे त्रेसष्ट फोटो. आणि गंमत म्हणजे फोटो बघूनही वाटायचंच, हा आजचाच ना? फोटो बंद केले त्या दिवशी अर्धा तास जीव टांगणीला होता. दुसऱ्या दिवशी तसंच. दहा-बारा दिवसांनी एकदा संध्याकाळी दाराला किल्ली लावताना लक्षात आलं, आज दिवसभरात बटण आठवलंच नाही.

मुलाशी बोलून फोनची एक वेळ ठरवा. मधल्या वेळात बघावंसं वाटलं तर 'बघायचंच नाही' अशी शपथ घालून घेऊ नका, ती मोडते. पंधरा मिनिटांनी बघेन, एवढंच ठरवा. पुढच्या आठवड्यात अर्धा तास. रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि गजरासाठी वेगळं घड्याळ आणा. नाहीतर गजराच्या निमित्ताने तो उशाशी परत येतोच. सुरुवातीला घालमेल वाढेल. वाढू दे. तिला हात लावला नाही तर ती चढते आणि आपली आपण उतरते.

काळजीलाही वेळ नेमून देता येते. थॉमस बोर्कोव्हेक या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर ही पद्धत १९८३ साली मांडली. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास फक्त काळजी करायची. दिवसभरात आलेली काळजी एका ओळीत लिहून त्या वेळेवर टाकायची. ऐकायला पोरकट वाटतं, पण संध्याकाळी यादी घेऊन बसल्यावर निम्म्या ओळी शिळ्या झालेल्या असतात. फक्त ही बैठक झोपायच्या तोंडावर नको.

सहा महिने होऊन गेले, बहुतेक रोज हेच चाललंय आणि झोप-कामाचं खोबरं होतंय असं असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा. विचार आणि वागणं बदलण्याची उपचारपद्धती, म्हणजे सीबीटी, चिंतेवर चांगली लागू पडते. गोळ्या दिल्या तर त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्या मनाने थांबवायच्या नसतात. चालताना, जिने चढताना छातीत दुखायला लागलं तर मात्र 'चिंताच असेल' म्हणून घरी बसू नका. जगणं नको वाटलं तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि डॉक्टर गाठा.

मुलालाही सांगून ठेवा, 'ठीक आहेस ना?' असं दिवसातून दहादा विचारलं तर दहादा उत्तर द्यायचं नाही. तो कठोर होतोय असं वाटेल, पण यात त्याची मदतच आहे. हवं तर हे पान त्याला पाठवा. फक्त पाठवल्यावर त्याने वाचलं की नाही ते बघू नका.