‘संत तुकाराम’ची चांगली डिस्क कधी येणार?

प्रश्न: आईला प्रभातचा ‘संत तुकाराम’ परत बघायचाय. यूट्यूबवर आहे, पण चेहरे पांढरेफटक, अभंगात नुसती खरखर, वर कोणाचा तरी लोगो चिकटवलेला. सत्यजित राय यांच्या अपू त्रयीची मस्त ब्लू-रे अमेरिकेत निघाली म्हणे, मग आपल्या सिनेमांचं तसं होणार का? आणि तिकडची डिस्क मागवली तर इथे चालते का?
– एक वाचक, मिरज

उत्तर: होऊ शकतं, आणि मनापासून वाटतं की व्हायलाच हवं, १९३७ला व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गौरवलेला सिनेमा आहे हो हा! अपू त्रयीचंच बघा ना, मूळ निगेटिव्ह १९९३ला लंडनमधल्या लॅबच्या आगीत इतक्या भाजल्या की कुठल्या मशीनमध्ये घालायची सोय राहिली नव्हती, तरी इटलीत बोलोन्याच्या लॅबमध्ये त्या ओलावा देऊन मऊ केल्या, हाताने सांधल्या, जिथे काहीच उरलं नव्हतं तिथे दुसरीकडच्या कॉप्यांमधून भाग घेतले आणि २०१५ला क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीने डिस्क काढली.

आपल्याकडेही आगच आडवी आली. जुनी नायट्रेट फिल्म भयंकर पेट घेते, जानेवारी २००३मध्ये पुण्यात, प्रभात स्टुडिओच्याच जागेत (आताची सिनेमा शिकवणारी संस्था, एफटीआयआय), फिल्म संग्रहालयाची हजारो रिळं जळाली. पण बऱ्याच सिनेमांच्या कॉप्या आधीच सेफ्टी फिल्मवर, म्हणजे सहज पेट न घेणाऱ्या फिल्मवर, उतरवल्या होत्या, आणि माझी सगळी आशा त्या कॉप्यांवर आहे. कॉपीवरून केलेलं काम मूळ निगेटिव्हइतकं धारदार दिसणार नाही, पण तुकाराम झालेल्या पागनीसांचा चेहरा नीट दिसेल, आवाजही बराच साफ होईल.

खरी अडचण पैशाची. आपल्याकडे सिनेमाचा कॉपीराइट ६० वर्षांचा, म्हणजे १९३६च्या ‘तुकाराम’चा केव्हाच संपला, त्यामुळे हक्कांची भानगड नाही पण मग कोणी फ्रेम न् फ्रेम साफ करायला पैसे घातले तरी तीच कॉपी उद्या दुसरा कोणीही उचलून विकायला बघणार, कंपनी कशाला पुढे येईल? हे काम सरकारी संग्रहालयाने नाहीतर फिल्म हेरिटेज फाउंडेशनसारख्या संस्थेनेच करायचं. फाउंडेशनने रिस्टोअर केलेला श्याम बेनेगलांचा ‘मंथन’ २०२४ला कानच्या चित्रपट महोत्सवात दाखवला आणि मग इथे थिएटरातही लागला, मला तर फार आनंद झाला.

डिस्कचं म्हणाल तर, ब्लू-रे कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालावी याचे विभाग, म्हणजे रिजन, ठरलेले असतात, अमेरिका रिजन ए आणि भारत रिजन सी, त्यामुळे क्रायटेरियनच्या बहुतेक ब्लू-रे इथल्या साध्या प्लेअरवर चालत नाहीत, सगळ्या रिजनच्या डिस्क चालवणारा रिजन-फ्री प्लेअर लागतो. दुकानदाराला आधी विचारा, मगच पैसे द्या.

आणि मिरजेत, सांगलीत कोणाकडे जुन्या टुरिंग टॉकीजची रिळं पडून असतील तर प्लीज भंगारात देऊ नका! डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला तर फिल्म कुजायला लागलीये असं समजा, प्रोजेक्टरवर चढवून बघू नका, थंड कोरड्या जागी ठेवा आणि पुण्याच्या फिल्म संग्रहालयाला कळवा.